पॉइंट कोणाचे

२ जून २०२५

आज आमच्या मालकाने, चिरागने, केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, चहाच्या मशीनची तक्रार असेल. पण त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "अश्लेषाताई, गेल्या वर्षी आपली पोरं किती वेळा विमानात बसली, माहितीय?"

पोरं म्हणजे सर्व्हिस इंजिनिअर. गोखिवऱ्याच्या या कारखान्यात आम्ही मसाल्याची, फरसाणाची पाकिटं भरणारी मशीनं बनवतो. मशीन कोईमतूरला बिघडो नाहीतर गुवाहाटीला, ही माणसं उडत जातात. तिकिटं मी काढते, म्हणजे माणिकपूरच्या ॲलिस्टर एजंटकडून काढून घेते.

"तिकीट आपण काढायचं आणि विमानवाले जे पॉइंट देतात ते ह्यांच्या खात्यात. वर बायकोपोरांना घेऊन फुकट फिरतात," चिराग म्हणाला. त्याचे वडील असताना असलं कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चिराग बाहेर शिकून आलाय. आता विमान कंपनीकडे आपल्या कारखान्याच्या नावाचं खातं उघडायचं. प्रत्येक तिकिटावर इंजिनिअरचा मेंबर नंबर काढून कंपनीचा घालायचा. साठलेल्या पॉइंटांवर पुढची तिकिटं. आणि कोणी गुपचूप स्वतःचा नंबर घालतोय का, त्यावर नजर ठेवायची. नजर माझी.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतकी वर्षं मी इथे स्टेशनरी आणि पाण्याचे जार बघतेय. डोकं लागेल असं काम पहिल्यांदाच आलं.

५ जून

जेवताना नवऱ्याला, जितेंद्रला, सगळं सांगितलं. तो अंधेरीला, एक्स-रे मशीन विकणाऱ्या कंपनीत आहे. हॉस्पिटलवाल्यांना मशीन शिकवायला सारखा बेंगळुरू, हैदराबाद करतो. म्हणून त्याला यातलं कळेल असं वाटलं.

"बघ ना, तिकीट कंपनीचं, तर पॉइंटही कंपनीचेच. इतकी वर्षं ही माणसं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे घरी नेत होती."

त्याने ताकाचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "बरोबर आहे तुझं."

खुशीने मान वर केली. नववीत गेली, पण कान मोठ्या माणसांच्या बोलण्याकडेच. "मग बाबाचे पॉइंटपण जाणार? अंदमानचं काय?"

जितेंद्र अंदमानसाठीच पॉइंट जमवतोय. या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं त्यावर जाणार. खुशीने पाण्याखाली बघायचा चष्मासुद्धा घेऊन ठेवलाय.

"तुमच्याकडे नाही ना असलं काही?" मी विचारलं.

"आमच्याकडे? छे," म्हणाला आणि भेंडीची भाजी मागून घेतली. भेंडी त्याला आवडत नाही. माणसं वयाप्रमाणे बदलतात.

११ जून

इंजिनिअरांना सांगून टाकलं. तरुण पोरं कुरकुर करून निघून गेली. मेलरॉय तेवढा मागे थांबला. सगळ्यांत जुना, गिरीजला राहतो, एरवी चार शब्दांच्या वर बोलत नाही.

"मॅडम, तिकीट कंपनीचं, कबूल. पण त्या सीटमध्ये गुडघे माझे असतात."

"गुडघ्यांचा पगार मिळतो की."

तो हसला नाही. "काढा नंबर. माझं काही नाही."

इतक्या पटकन काढा म्हणाला, तिथेच मला पाणी मुरताना दिसलं. ज्याचं खरंच जातं तो भांडतो.

२६ जून

संशय खरा ठरणार असं दिसतंय. मेलरॉय कोईमतूरला सरळ न जाता हैदराबादवरून गेला. लांबून गेलं की पॉइंट जास्त. याचं दुसरं खातं असणार. ॲलिस्टरला फोन केला.

"मॅडम, सरळ जाणारं विमान फुल होतं. मीच त्याला ते दिलं. बिचारा उलट वैतागला होता," ॲलिस्टर म्हणाला.

पण ॲलिस्टर आणि मेलरॉय एकाच चर्चमध्ये जातात. एकमेकांना सांभाळूनच घेणार. चिरागला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "वा ताई, तुमची नजर भारी आहे हं."

दुपारी त्याने जमलेल्या पॉइंटांवर गोव्याची चार तिकिटं काढायला सांगितली. क्लायंट मीटिंग. नावांमध्ये त्याची बायको आणि सासूसासरे आहेत. मी काही विचारलं नाही. मालक आहे, त्याचं तो बघेल.

माझ्या मात्र आता एक गोष्ट लक्षात आलीय. माणूस काय बोलतो ते ऐकत बसायचं नाही. पॉइंट कुठे पडले ते बघायचं. पॉइंट खोटं बोलत नाहीत.

६ जुलै

रविवार. जितेंद्र खुशीला क्लासला सोडायला गेला होता. अंदमानला कितपत जमलेत ते बघावं म्हणून मी त्याचं विमानाचं खातं उघडलं. चोरून नाही. हे खातं मीच घरच्या कॉम्प्युटरवर उघडून दिलंय, पासवर्डही मीच घातलाय.

मार्चनंतर एकही नोंद नाही.

मला वाटलं, पान नीट उघडलं नाही. परत उघडलं. तेच. मेमध्ये तो हैदराबादला गेला होता. जूनमध्ये बेंगळुरूला, तेही एकदा नाही. बॅगा मी भरल्या होत्या. परत आल्यावर कपडे मी धुतले होते.

विमानात बसला असता तर पॉइंट पडले असते. पॉइंट पडले नाहीत. मग हा जात कुठे होता?

तो घरी आला तेव्हा मी कणीक मळत होते. "काय गं, गप्पशी?" म्हणाला. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

१० जुलै

आज सहज विचारल्यासारखं विचारलं. "पॉइंट किती झाले रे?"

"येतायत."

"येतायत म्हणजे?"

"येतायत गं. बघू ना दिवाळीच्या आधी."

"खातं उघडून दाखव की खुशीला. रोज विचारते ती."

"पासवर्ड विसरलोय," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पासवर्ड म्हणजे खुशीचं नाव आणि जन्मतारीख. बाप ते विसरतो?

आमचं लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी त्याच्याबद्दल गावभर चौकशी केली होती. शेवटी म्हणाले, मुलगा खोटं बोलायला लागला की कान लाल होतात, काळजी नको. गॅलरीत पाठमोरा उभा होता, म्हणून कान दिसले नाहीत.

१७ जुलै

पहाटेच निघाला. बेंगळुरू, म्हणे. बॅग त्याने स्वतःच भरली. मी भरते म्हटलं तर, "झोप तू." हा जिव्हाळा की मला बॅगेपासून लांब ठेवणं, ठरवता येईना.

ऑफिसला जाताना माणिकपूरला ॲलिस्टरच्या दुकानात उतरले. जितेंद्रच्या कंपनीची तिकिटं अंधेरीचा जो एजंट काढतो, तो ॲलिस्टरच्या ओळखीचा आहे हे मला माहीत होतं. म्हटलं, "मिस्टरांच्या मागच्या दोन महिन्यांच्या प्रवासाच्या तारखा हव्या होत्या. इन्शुरन्सला लागतायत."

ॲलिस्टरने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग मिस्टरांनाच विचारा ना."

"त्यांना वेळ कुठे असतो?"

हो-नाही म्हणाला नाही. पण चहा मागवला, म्हणजे करेल.

१९ जुलै

ॲलिस्टरचा फोन. "मॅडम, जातात ते. सगळी तिकिटं आहेत, बेंगळुरू, हैदराबाद सगळं. दोघांची एकत्रच असतात. काळजी नको."

"दोघांची?"

"ऑफिसचं असेल कोणीतरी. स्वप्ना असं नाव आहे. मॅडम, माझं नाव कुठे घेऊ नका हं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

स्वप्ना. मे महिन्यात एकदा म्हणाला होता, नवीन ट्रेनर आलीय, विरारलाच राहते, शिकवते छान. त्यानंतर नाव नाही. ज्यात काही नसतं ते नाव माणूस दहा वेळा घेतो.

आता सगळं लागतंय. विमानात बसतो, मग पॉइंट जातात कुठे? दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही. अंदमानला कोणीतरी जाणार आहे, पण आम्ही नाही.

खुशीला यातलं काही कळू द्यायचं नाही.

२९ जुलै

दहा दिवस काही लिहिलं नाही. कामात चुका होतायत. मेलरॉयचं परतीचं तिकीट दुसऱ्याच तारखेचं निघालं. तो तक्रार न करता एक दिवस गुवाहाटीला बसून राहिला.

दोघांच्या तिकिटांवर नंबर कोणाचा आहे, ते बघून सांगायला ॲलिस्टरने साफ नकार दिला. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत मी सरळ जितेंद्रच्या कंपनीत, तिकिटं बघणाऱ्या मुलीला फोन लावला. मी काय लपूनछपून करतेय? बायको आहे. नाव सांगूनच विचारलं, "या दोघांच्या तिकिटांवर मेंबर नंबर कोणाचा घालता?"

"कोणत्या दोघांच्या, मॅडम?"

मी स्वप्नाचं नाव घेतलं. दर वेळी एकत्रच का जातात, तेही विचारलं.

मुलीने माझं नाव परत विचारून घेतलं. मग फार अदबीने म्हणाली, "मॅडम, मी सरांशी बोलून कळवते."

कोणत्या सरांशी, ते विचारायचं राहिलं.

१ ऑगस्ट

जितेंद्र आज दुपारीच घरी आला. खुशी शाळेतून यायची होती. बूट न काढता सोफ्यावर बसला.

"तू माझ्या ऑफिसला फोन केलास?"

"केला."

"साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं, अश्लेषा. समोर एचआरची बाई. मला विचारतायत, घरी काही प्रॉब्लेम आहे का? आणि स्वप्नाला वेगळं बोलावून विचारलं, तुला ह्यांच्यापासून काही त्रास आहे का?"

"मग आहे का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं लिहिता येत नाही.

"पॉइंट कुठे जातात?" मी विचारलं. आवाज चढला असेल. "एप्रिलपासून एक पॉइंट नाही तुझ्या खात्यात. मला म्हणतोस, येतायत. कोणाच्या खात्यात येतायत?"

कान लाल झाले. मी बघितले. बराच वेळ त्याने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मग म्हणाला, "अंदमान विसर आता."

एवढंच. आणि उठून बाहेर गेला, पार समुद्राकाठच्या किल्ल्यापर्यंत चालत गेला असावा, कारण आला तेव्हा पँटला चिखल होता.

म्हणजे कबूलच केलं.

५ ऑगस्ट

जितेंद्रचे दौरे बंद. आता रोज अंधेरीच्या ऑफिसात बसून मॅन्युअलं तपासायची. स्वप्नाला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, तिनेच मागून घेतलं म्हणे. हे त्याने मला भिंतीशी बोलावं तसं सांगितलं.

उगाच कोणी टीम बदलून मागतं का? आग होती म्हणूनच धूर ना.

पण हे लिहितानाही जिंकल्यासारखं वाटत नाही. खुशी आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवते आणि आळीपाळीने दोघांशी बोलते.

१३ ऑगस्ट

सकाळी गेटवरच्या वॉचमनचा फोन आला, कोणी बाई भेटायला आल्यात. खाली जाऊन बघते तर मेलरॉयची बायको लुसी. गेल्या वर्षी कंपनीच्या जेवणाला आली होती म्हणून ओळखलं. चर्चमध्ये मिस्साला जाऊन तशीच आली होती, चांगल्या साडीत, हातात प्रार्थनेचं पुस्तक. वर यायला तयार नाही. गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली घेऊन गेली मला.

"मॅडम, खरं सांगा. आमचा माणूस खरंच टूरवर जातो ना?"

"म्हणजे?"

"त्याच्या विमानाच्या पॉइंटाचा मेसेज माझ्या मोबाइलवर येत होता. त्यानेच माझा नंबर दिलेला. तो उतरला की मेसेज यायचा. मला कळायचं, पोचला नीट. जूनपासून मेसेज नाय. विचारलं तर म्हणतो, बंद झालं. का बंद झालं ते सांगत नाय. मागच्या महिन्यात एक दिवस उशिरा आला. कुठे होता, तर म्हणे तिकीट चुकलं." तिने डोळ्यांना पदर लावला. "इतक्या वर्षांत तिकीट कधी चुकलं नाय त्याचं. गावात लोक काय काय बोलतात. मी झोपत नाय, मॅडम."

मला हसूच आलं. सुटल्यासारखं. म्हटलं, "अहो लुसी, तसं काही नाही हो! ते विमानातच असतात. तिकीट माझ्याच हातून चुकलं. आणि पॉइंटचं म्हणाल तर ते आता कंपनी घेते. तिकिटावर त्यांचा नंबर नसतोच, म्हणून मेसेज येत नाही. हल्ली बऱ्याच कंपन्या असंच…"

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

लुसी विचारत होती, "मग त्याने मला हे सांगितलं का नाय?" मी म्हटलं, "वाईट वाटलं असेल." हे मी कोणाबद्दल बोलत होते कोण जाणे. तिने माझा हात धरला, "गॉड ब्लेस यू" म्हणाली आणि हलकी होऊन रिक्षात बसली. मी तिथेच उभी. शेवटी वॉचमनने खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी जितेंद्र भाजी घेऊन आला. पिशवी त्याच्या हातात असतानाच मी विचारलं, "तुमच्या कंपनीने पॉइंट कधीपासून घेतले?"

"एप्रिलपासून." पिशवी ओट्यावर ठेवली. "सही करून घेतली सगळ्यांची. आधीचेही कंपनीच्या खात्यात फिरवणार आहेत."

"मी विचारलं तेव्हा छे का म्हणालास?"

"तू किती खुशीत होतीस त्या दिवशी. दुसऱ्याच्या झाडाचे आंबे म्हणालीस. मी काय सांगणार होतो? की तो आंबे चोरणारा मीच?" तो टोमॅटो एकेक काढून ठेवत होता. "वाटलं, तिकिटं पैसे टाकून काढू. तुम्हाला सांगू, पॉइंटांवर आली. कळलंच नसतं."

"मला सांगायचं होतंस रे."

"हो. सांगायला हवं होतं." मग म्हणाला, "पण तू मला सरळ विचारायच्या आधी माझ्या ऑफिसला विचारलंस."

मी टोमॅटो धुवायला घेतले.

१४ ऑगस्ट

चिरागकडे गेले. म्हटलं, इंजिनिअरांच्या घरी गैरसमज होतायत, निदान त्यांचे पॉइंट त्यांना राहू द्या. तो हसला. "ताई, नवराबायकोची भांडणं आपण कशाला बघायची?" आणि दुबईच्या तिकिटांना पॉइंट किती लागतील ते विचारलं.

मी विचारलं, "क्लायंट मीटिंग आहे का?" हे मी आजपर्यंत कधीच विचारलं नव्हतं. त्याने लॅपटॉप मिटला. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणाला. ताई म्हणाला नाही.

जागेवर येऊन ॲलिस्टरला फोन केला. मेलरॉयच्या पुढच्या तिकिटावर मेलरॉयचाच नंबर घाल. ॲलिस्टर म्हणाला, "चिरागला कळलं तर?" म्हटलं, नजर ठेवणारी मीच आहे. पण ते तितकं सोपं नाही, हे मलाही कळतं. नोकरी जाऊ शकते.

१७ ऑगस्ट

स्वप्नाचा पत्ता जितेंद्रकडे मागायची हिंमत झाली नाही. त्याच्या एका सहकाऱ्याकडून मिळवला. खुशीच्या क्लासचं काम आहे सांगून घरातून निघाले. विरारला तलावाच्या मागच्या बाजूला नवी बिल्डिंग आहे, तिथे.

दार तिनेच उघडलं. मी मनात जी बाई रंगवली होती तिच्यापुढे ही अगदीच पोरगी. केसांना तेल लावलेलं, कडेवर वर्षाचं मूल. नाव सांगितल्यावर तिचा चेहरा बंद झाला, पण बसा म्हणाली. पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. पॉइंट, फोन, माझ्या डोक्यातलं सगळं. "माझी चूक झाली," म्हटलं. "तुमच्या ऑफिसात तसं लिहून द्यायला मी तयार आहे."

"नको," ती म्हणाली. "लिहून दिलंत की परत मीटिंग लावतील. परत सगळे विचारतील, कोण ही स्वप्ना." मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "सर मला मुलीसारखं शिकवायचे. विमानतळावर डबा अर्धा द्यायचे. तुम्हीच केलेला असायचा ना तो? थालीपिठं."

मी मान हलवली.

"ताई, तुम्ही आलात, चांगलं केलंत. मी नाही धरत मनात." आतल्या खोलीच्या दाराकडे बघून तिने आवाज खाली आणला. "पण एचआरचा मेल आला तेव्हा मोबाइल ह्यांच्या हातात होता. हे काही बोलले नाहीत. चांगले आहेत. फक्त तेव्हापासून रोज संध्याकाळी माझा मोबाइल मागून घेतात. चार्जिंगला लावतो म्हणतात."

आतून एक माणूस बाहेर आला. मला नमस्कार केला, मी कोण ते हसत विचारलं. मी काही म्हणायच्या आधी स्वप्ना म्हणाली, "सोसायटीतल्या आहेत. पोलिओच्या डोसचं सांगायला आल्यात."

त्याने माझ्या पर्सकडे, चपलांकडे बघितलं. "कोणत्या विंगमध्ये राहता?"

मी काहीतरी सांगितलं आणि उठले. जिन्यात पोचले तरी पाठीमागे दार लागल्याचा आवाज आला नाही.

घरी आले तर जितेंद्र कपडे वाळत घालत होता. "झालं क्लासचं काम?"

"क्लासला नव्हते गेले. विरारला, स्वप्नाकडे गेले होते. माफी मागायला."

त्याने चादर झटकून दोरीवर टाकली, चारी कोपरे नीट केले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "स्वप्नाकडेच ना?"

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला एकच गोष्ट अशी दुसऱ्यांदा कधी विचारली नव्हती.